वाट दाखविणाऱ्या स्त्रिया
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाचे बंधन घातले नव्हते. एवढेच सुचविले होते की, महिला दिनाच्या सुमारास हे भाषण होणार आहे, तेव्हा विषय स्त्रियांसंबंधी असावा आणि फार जड नसावा. स्त्रियांसंबंधीचा विषय हलकाच असावा ही अपेक्षा आम्हांला जरा गमतीची वाटली. तथापि यजमानांचा मान राखावयाचा म्हणून आम्ही विषय निवडला तो पाठीवर पंधरा-वीस किलोंचे ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्या आणि इतरांना चढविणाऱ्या स्त्रियांचा. तो जड की हलका, हे आपणच ठरवावे.

आपल्यापैकी बहुतेकांची दर वर्षीची सुट्टी दोन वाटांनी जाते. एक वाट गावाकडची, आणि गावाकडचे कोणी उरले नसेल तर दुसरी हिमालयाची. मंडळाच्या सहलीही बहुधा तिकडेच निघतात. अशा सहलीत आपल्यापुढे कोणीतरी चालत असतो. त्याला आपण मराठीत 'वाटाड्या' म्हणतो. शब्द जुना आहे, सुंदर आहे. पण या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप काय, असे विचारले तर आपण क्षणभर अडखळतो. 'मार्गदर्शिका' हा शब्द आहे खरा; पण तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे दहावीच्या गणिताचे पुस्तक उभे राहते, डोंगरातली बाई नव्हे. जे काम बाई करताना आपण पाहिले नाही, त्या कामाचा बाईसाठीचा शब्द आपल्या ओठांवर सहज येत नाही.

आणि तरीही वाट बायकांना माहीत नव्हती असे मात्र कधीच नव्हते. रायगडच्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गडाचे दरवाजे संध्याकाळी मिटले, घरी तान्हे मूल, आणि ही गवळण अंधारात कडा उतरून घरी गेली. या कथेतली आई आपण डोक्यावर घेतली आणि ते योग्यच झाले. परंतु त्या कथेत दुसरीही एक बाई आहे, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. दूध घालण्यासाठी रोज गड चढणारी-उतरणारी, कोणत्या कपारीत पाय ठरतो आणि कोणता दगड सुटा आहे हे जाणणारी अशी ती बाई होती. नुसत्या मायेने कडा उतरता येत नाही, त्याला खडकाची ओळख लागते. कथा सांगते की तेथे पुढे बुरूज बांधला गेला, म्हणजे तिने दाखविलेली वाट बंद करण्यात आली. कथेचा हा शेवट आम्हांला नेहमीच विचार करावयास लावतो.

हिमालयातही असेच घडत आले. १९३० नंतरच्या दशकातील एव्हरेस्ट मोहिमांची वर्णने वाचली तर दार्जिलिंगच्या आणि सोलुखुंबूच्या शेर्पा स्त्रिया, ज्यांना 'शेर्पाणी' म्हणत, मोहिमेचे सामान तळछावणीच्या दिशेने वाहताना जागोजाग भेटतात. १९५३ च्या ज्या मोहिमेने तेनसिंग नोर्गे आणि हिलरी यांना शिखरावर पोहोचविले, तिचे सामान वाहणाऱ्यांतही स्त्रिया होत्याच. ओझ्याला लिंगभेद नव्हता. पण बोजा वाहणे निराळे आणि 'आज येथेच थांबायचे, पुढे जायचे नाही' असे सांगण्याचा अधिकार निराळा. पहिली गोष्ट स्त्रियांना फार पूर्वीच मिळाली होती. दुसरीसाठी त्यांना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले. १९५९ साली क्लोद कोगाँ या फ्रेंच गिर्यारोहक स्त्रीच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांची एक आंतरराष्ट्रीय मोहीम चो ओयू या शिखरावर गेली. तीत तेनसिंगांच्या पेम पेम आणि निमा या दोन मुली सामील होत्या. मोहीम अपघातात सापडली, कोगाँ स्वतः परतल्या नाहीत. आणि नेपाळची पहिली स्त्री, पासांग ल्हामू शेर्पा, एव्हरेस्टवर पोहोचली ती २२ एप्रिल १९९३ रोजी, म्हणजे तेनसिंगांनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. उतरताना तिचाही अंत झाला.

हा मागासलेपणा केवळ आपल्याकडचा, असे कोणी समजू नये. आल्प्स पर्वतातील शमोनी या गावी वाटाड्यांचा संघ १८२१ साली स्थापन झाला. फ्रान्समध्ये पहिली स्त्री, मार्तीन रोलाँ, अधिकृत पर्वत-मार्गदर्शक झाली ती १९८३ साली. मधली १६२ वर्षे तेथील बायका काय करीत होत्या? त्या पाहुण्यांची घरे सांभाळीत होत्या, रांधीत होत्या. ब्रिटनमध्ये ग्वेन मॉफट यांनी १९५३ सालीच हा परवाना मिळविला होता. असो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शिखर सर करणारी स्त्री आणि इतरांना वाट दाखवून त्यावर पोट भरणारी स्त्री या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. पहिलीचे आपण हारतुरे घालून स्वागत करतो. कृष्णा पाटील ही आपली मराठी मुलगी २००९ साली एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते हिने २०१३ साली एव्हरेस्ट आणि पुढे २०२१ साली अन्नपूर्णा सर केले. त्यांचा अभिमान कोणाला नाही? पण दुसरीचे काम स्वतः पोहोचण्याचे नसते. बरोबरच्या सहा जणांना सुखरूप परत आणण्याचे असते. तिचा पराक्रम म्हणजे काहीही न घडणे. काहीही न घडल्याची बातमी वर्तमानपत्रात येत नाही.

या दोन्ही भूमिका एकाच आयुष्यात पाहावयाच्या असतील तर बचेंद्री पाल यांच्याकडे पाहावे. उत्तरकाशीजवळच्या नाकुरी गावची ही मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. झाली, बी. एड. झाली, आणि तरी तिच्यासमोर आल्या त्या केवळ तात्पुरत्या, कमी पगाराच्या नोकऱ्या. मग तिने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा रस्ता धरला. १९८४ च्या मोहिमेत हिमप्रपाताने रात्री छावणी गाडली गेली, तिच्या डोक्याला मार लागला, कित्येक सहकारी खाली परतले. ती वर राहिली आणि २३ मे रोजी शिखरावर पोहोचली. शिखरावर जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. इथपर्यंतची कथा शाळेच्या पुस्तकांतून आपल्या मुलांनी वाचली आहे. आम्हांला मात्र तिच्या पुढची वर्षे अधिक मोलाची वाटतात. टाटांच्या जमशेदपुरात राहून तिने साहसी उपक्रमांच्या संस्थेची धुरा अनेक वर्षे वाहिली आणि असंख्य मुलींना दोर बांधावयास शिकविले. १९९३ साली भारत-नेपाळ स्त्रियांची एव्हरेस्ट मोहीम तिच्याच नेतृत्वाखाली गेली. जमशेदपूरच्या प्रेमलता अगरवाल या गृहिणी तिच्याच तालमीत तयार झाल्या. पर्वताशी त्यांचा संबंध आला तो वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आणि २०११ साली त्या एव्हरेस्टवर गेल्या तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. येथे बसलेल्या ज्या भगिनी 'आता आमचे काय वय राहिले' म्हणून गुडघ्यांना हात लावीत आहेत, त्यांनी हे आकडे घरी जाऊन पुन्हा एकदा मनात घोळवावेत.

आता मूळ विषयाकडे येतो. उपजीविका म्हणून वाट दाखविणाऱ्या स्त्रियांची गोष्ट आपल्या बाजूला दोन ठिकाणी ठळकपणे घडली. एक पोखऱ्याला, दुसरी लेहला.

पोखरा हे अन्नपूर्णा पर्वतरांगेच्या पायथ्याचे नेपाळी गाव. तेथे फेवा सरोवराच्या काठी लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणी प्रवाशांसाठी निवास चालवीत होत्या. त्या मूळच्या दार्जिलिंगकडच्या. त्यांच्याकडे उतरणाऱ्या परदेशी स्त्रिया डोंगरातून परत आल्यावर कधीकधी जे सांगत, ते ऐकून या बहिणी अस्वस्थ होत. बरोबरचा पुरुष वाटाड्या दारू पितो, लगट करतो, निर्जन वाटेवर त्याची भीती वाटते, अशा त्या तक्रारी असत. सगळेच वाटाडे तसे नसतात. बहुसंख्य सज्जनच असतात. पण चार दिवसांच्या वाटेवर ज्या बाईच्या वाट्याला नेमका दुर्जन आला, तिला बहुसंख्येचा काय उपयोग? तेव्हा तक्रार ऐकून हळहळण्यापेक्षा आपणच वाट दाखवावी, असे या बहिणींनी ठरविले आणि १९९४ च्या सुमारास हे काम सुरू झाले. १९९९ साली त्यांनी मुलींच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढली.

त्यांनी मुली आणल्या त्या पुष्कळशा पश्चिम नेपाळातील दुर्गम जिल्ह्यांतून. या मुलींना डोंगर शिकवावयाचा नव्हता. कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझ्याचा पट्टा, लावून पाठीवर डोको नावाची बांबूची पाटी त्यांनी लहानपणापासून वाहिली होती. गवत, लाकूड, पाणी, शेण सारे काही. हे ओझे घरचे होते म्हणून त्याला मोल नव्हते. तोच चढ, तेच पाय, जवळजवळ तेवढेच वजन, पण आता त्याबद्दल रोजगार मिळू लागला आणि तो मुलीच्या हातात पडू लागला. शिकवावयाचे होते ते निराळेच: प्रथमोपचार, विरळ हवेचे आजार, कामापुरते इंग्रजी, पक्षी आणि झाडे, आपल्याच प्रदेशाचा इतिहास, आणि सर्वांत अवघड म्हणजे अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहून ठामपणे 'नाही' म्हणणे. सुमारे महिनाभराचे शिक्षण आणि त्यानंतर काही महिने प्रत्यक्ष वाटेवर उमेदवारी, अशी ही पद्धत आहे. शिक्षणाचे शुल्क नाही.

लोक काय म्हणाले असतील ते सांगावयास नको. आपल्याकडे नाटकात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रियांना, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या पहिल्या परिचारिकांना लोक जे म्हणत, तेच. परपुरुषांबरोबर रानात मुक्काम करणारी मुलगी, तिच्याशी लग्न कोण करील? या बोलण्याला कोणत्याही पुस्तकात उत्तर सापडत नाही. त्याला उत्तर दिले ते महिन्याच्या अखेरीस घरी गेलेल्या पैशांनी, धाकट्या भावंडांच्या भरलेल्या शाळेच्या फीने. हे ऐकावयास फार उदात्त नाही, पण आमचे मत असे की, समाजाचे मत बदलण्यात भाषणांपेक्षा मनीऑर्डरींचा वाटा नेहमीच मोठा राहिला आहे.

नेपाळच्या गोष्टीचा पुढचा टप्पाही सांगून टाकतो. रोलवालिंग खोऱ्यातील दावा यांगझुम शेर्पा ही तरुणी आंतरराष्ट्रीय मान्यतेची पर्वत-मार्गदर्शक झाली. नेपाळी स्त्रियांत ती पहिली. २०१४ साली तिने माया शेर्पा आणि पासांग ल्हामू शेर्पा अकिता यांच्यासह के-टू हे शिखर सर केले, तेव्हा तिघी नेपाळी बायकांचे ते पथक होते. ज्यांच्या आज्या तळछावणीपर्यंत सामान पोहोचवून परत फिरत, त्यांच्या नाती आता दोराच्या पुढच्या टोकाला असतात.

लडाखची गोष्ट आपल्याच देशातली. हा प्रदेश प्रवाशांना खुला झाला १९७४ साली. पुढची तीन दशके तेथे वाटाडे, स्वयंपाकी, घोडेवाले सारे पुरुषच होते. तकमाचिक गावची थिनलास चोरोल ही मुलगी लडाखातील सेकमोल या शिक्षणसंस्थेत शिकली, उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहण शिकली, आणि प्रवासी कंपन्यांकडे काम मागू लागली. काहींनी तिला परत पाठविले. बाईला वाटाडी म्हणून पाठविले तर लोक काय म्हणतील, हे त्यांचे कारण. त्या काळात तिच्याकडे येणाऱ्या परदेशी स्त्रिया मात्र बाई वाटाडी मिळाली म्हणून आनंदून जात. मागणी आहे आणि पुरवठा लाजेने अडला आहे, हे तिने ओळखले. २००९ साली तिने 'लडाखी विमेन्स ट्रॅव्हल कंपनी' काढली. मालक बाई, वाटाडी बाई, ओझे वाहणारीही बाई.

या कंपनीने भर दिला तो गावांतील घरी उतरण्यावर. याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. तंबूतला प्रवास केला तर पैसा लेहच्या बाजारात राहतो. घरी उतरले तर तो घरधनिणीच्या हाती जातो. लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम अशी ही खालच्या लडाखातील गावांची माळ आहे. खिंडी चार हजार मीटरच्या आतल्या, वाट नवख्यालाही झेपण्याजोगी. हेमिस शुकपाचन गावाच्या नावातच 'शुकपा' हे झाड आहे, ज्याच्या डहाळ्या लडाखी माणसे धुपासारख्या जाळतात. या वाटेने आम्ही एका लडाखी तरुणीच्या मागून चाललो आहोत. ती बोलत फार कमी होती. सकाळी मात्र प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी: झोप लागली का? रात्री ताटात कोणी किती टाकले याकडे तिचे लक्ष असे. आमच्यातील एका काकांना हे चौकशीखोरपणाचे वाटले.

चौकशी नव्हती ती. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच. शरीराला या हवेची सवय होण्यास दिवस लागतात, आणि ती सवय धट्ट्याकट्ट्याला लवकर होते असे मुळीच नाही. उलट धट्टाकट्टा माणूस पहिल्याच दिवशी भरभर चालतो आणि रात्री डोके धरून बसतो. डोकेदुखी, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही पहिली चिन्हे. त्यांकडे दुर्लक्ष करून वर चढत राहिले तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठते, आणि मग खाली उतरविणे हाच खरा उपाय. रात्र असो, पाऊस असो, उतरलेच पाहिजे. म्हणून तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम फार उंचावत नेऊ नये, असा नियम आहे. ताटातला भात उरला हे वाटाडीला डॉक्टरी अहवालाइतके बोलके असते. आणि येथे आम्हांला एक गोष्ट जाणवली: ताट पाहून माणूस ओळखणे ही विद्या जिने घरात शिकून घेतली होती, तिने तीच रानात वापरली. ही स्त्रीची उपजत शक्ती वगैरे असल्याचे आम्ही म्हणणार नाही. तो सवयीचा भाग आहे आणि पुरुषांनाही शिकता येतो.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. लडाखी घरात खरे जगणे चुलीभोवती चालते. वाटाडी बाई असली की आमच्याबरोबरच्या भगिनी थेट तेथे जाऊन बसत, कणीक मळू लागत, सुनेच्या माहेरची चौकशी करीत, आणि वाटाडी दोन्हीकडचे बोलणे पोहोचवी. पुरुष वाटाड्याबरोबर घरातली बाई मोकळेपणाने बोलतेच असे नाही. अर्धा प्रदेश अशा रीतीने प्रवाशाला दिसतच नाही, आणि हिमालय पाहून आलो म्हणून तो छायाचित्रे दाखवितो.

या कामात सारे सुखाचेच आहे, असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. लडाखचा हंगाम उन्हाळ्याच्या चार महिन्यांचा. उरलेल्या दिवसांत दुसरे काही शोधावे लागते. लग्नानंतर, विशेषतः मूल झाल्यावर, अनेकींना वाट सोडावी लागते, कारण पंधरा दिवस घराबाहेर राहणाऱ्या पुरुषाचे घर बायको सांभाळते. बाईचे घर कोण सांभाळणार? पर्वताने या स्त्रियांना अडविले नाही, त्यांना अडविले या प्रश्नाने. ज्या टिकल्या त्यांच्या मागे बहुधा सासू, आई किंवा समजूतदार नवरा उभा दिसतो.

आणि आपला सह्याद्री? गडाच्या पायथ्याच्या गावात पहाटे चार वाजता उठून पन्नास जणांची पिठले-भाकरी करणारी बाई, भर उन्हात हंडा घेऊन माचीवर ताक विकणारी बाई, यांना आपण 'मावशी' म्हणतो आणि त्यांच्या हातच्या ठेच्याची तारीफ करतो. वाट दाखवावयास मात्र मावशींच्या मुलाला बोलावतो. ती रोज दोन वेळा गड चढते. तो बहुधा शहरातून सुट्टीवर आलेला असतो. पुढच्या दिवाळीत गावी जाल तेव्हा एकदा मावशींनाच म्हणावे, 'चला, तुम्हीच वाट दाखवा,' आणि वाटाड्याचे ठरलेले पैसे त्यांच्याच हाती ठेवावेत. भाकरीचे वेगळे.

शेवटी, गेल्या महिन्यात मंडळातील एका आईने आम्हांला विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो येथे इतरांच्याही मनात असेल. मुलगी पदवीधर आहे, चांगली नोकरी लागण्याजोगी आहे, आणि म्हणते की मला पर्वतातच काम करावयाचे आहे. काय करावे? आमचे उत्तर असे की, तिच्याशी वाद घालू नये, तिला अभ्यासक्रमाला पाठवावे. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली आणि पहलगाम येथे सरकारी गिर्यारोहण संस्था आहेत. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला अठ्ठावीस दिवस लागतात. त्यात उत्तम श्रेणी मिळाली तरच पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. त्यानंतर शिकविण्याचे शिक्षण आणि शोध व बचावकार्याचे शिक्षण असे टप्पे आहेत. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत पहाटेची धाव, पाठीवरचे ओझे, बर्फातली झोप यांनी पुष्कळांची हौस आपोआप फिटते. जिची फिटली नाही, तिची ती हौस नव्हे, हे आईवडिलांनी ओळखावे. तिला प्रथमोपचाराचे वेगळे शिक्षण द्यावे, एक-दोन पहाडी भाषा शिकू द्याव्यात, आणि पहिली दोन-तीन वर्षे मिळकत बेताची असेल हे गृहीत धरावे. स्थळे येतील तेव्हा ती काय करते ते पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. निम्मी स्थळे तेथेच गळतील, आणि आईवडिलांचे बरेच श्रम वाचतील.

मंडळाच्या सहलीसंबंधी कार्यवाहांना एवढेच सांगणे की, लडाखची सहल ठरवीत असाल तर स्त्री वाटाडीसाठी हिवाळ्यातच पत्र घालावे. त्या संख्येने थोड्या आहेत आणि उन्हाळ्याचे दिवस लवकर भरून जातात. ओझे वाहणाऱ्यांच्या विम्याची आणि गरम कपड्यांची चौकशी पत्रातच करावी. लेहला विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांतीचे ठेवावेत, त्या दोन दिवसांत कोणालाही खिंड पाहावयास नेऊ नये, मग काका कितीही आग्रह करोत.